पेंटरचा निकाल

वकीलबाईंना एक सवय होती, आणि त्या सवयीवरच त्यांनी आयुष्यभर खटले जिंकले होते. कोर्टात उभ्या राहिल्या की त्या हवं त्यापेक्षा थोडं कमी मागायच्या. बाकीचे वकील बघा, घसा ताणून, टेबलावर मुठी आपटून सगळंच्या सगळं मागतात, आणि मग हात हलवत परत येतात. बाईंचं तसं नव्हतं. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्याच आठवड्यात सांगायच्या, "न्यायाधीश पण माणूसच आहे रे. त्याला कोपऱ्यात गाठलंस तर तो अंगावर येईल. त्याच्यासाठी एक दार उघडं ठेव. आपण फार काही देत नाही आहोत असं त्याला वाटलं, की तो देतो."

आणि द्यायचे की! खुनाचे आरोपी, दरोड्याचे आरोपी, मोर्च्यात उचललेले, चौकीत झोडपून काढलेले, ज्यांच्या वाटेला दुसरा वकील जायचा नाही असे सगळे बाईंच्या दारात. बाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. जिन्यात सदानकदा कुणाची तरी आई नाहीतर बायको बसलेली. चष्मेवाला वैतागायचा, पण खुर्च्या त्यानेच आणून ठेवल्या होत्या. नातेवाइकांत मात्र बाईंची कीर्ती निराळी होती. कुठे चार माणसं जमली की कुणीतरी हमखास विचारायचं, "अहो, असल्या लोकांना सोडवता, रात्री झोप लागते का तुम्हाला?"

"लागते की, छान लागते," बाई म्हणायच्या. "तुमच्या मुलाला कधी पोलिसांनी उचललं तर बिनधास्त उठवा मला."

विचारणाऱ्याचं तोंड मग बघण्यासारखं व्हायचं. बाईंचे यजमान, भूगोलाचे निवृत्त मास्तर, पलीकडे तोंडावर रुमाल धरून हसत असायचे.

पण एक माणूस बाईंना सोडवता आला नव्हता. पेंटर.

कागदावर त्याचं नाव काही का असेना, कचेरीतले कारकून, शिपाई, सरकारी वकील, सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. तो भिंती रंगवायचा, दुकानांच्या पाट्या लिहायचा. एका गोदामाला आग लागली आणि आतला रखवालदार जळून मेला. आदल्या आठवड्यात गोदामाचं फाटक पेंटरने रंगवलं होतं. एवढ्यावरून त्याला उचललं. पुरावा काय, तर म्हणे कपड्यांना टर्पेंटाइनचा वास. आता पेंटरच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा नाही तर काय अत्तराचा वास येणार? पण तो ज्या खोलीत बसला होता तिथे हे विचारायला कुणी नव्हतं. वकील नाही, घरचं माणूस नाही. साहेब आलटून पालटून येत होते आणि एकच सांगत होते, "सही कर आणि घरी जा." पोरगा बिचारा थकला. सही केली. घरी काही गेला नाही.

बाईंनी अपिलावर अपिलं केली. सगळीकडून वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. कबुलीजबाब आहे ना, मग झालं तर, असं प्रत्येक कोर्टाचं म्हणणं. वर्षं अशी भराभर गेली की आत गेला तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, आता त्याची कानशिलं पांढरी झाली होती.

आणि मग, बाईंनी हात टेकायच्या बेतात असताना, सगळ्यात वरच्या कोर्टाने अपील ऐकायला घेतलं. प्रश्न एकच. वकील न देता, कोंडून ठेवून घेतलेला कबुलीजबाब चालतो का? नाही चालत म्हटलं, तर पेंटरविरुद्ध काही उरतच नव्हतं. तो त्या दिवशी घरी जाणार होता.

पेंटरची थोरली बहीण शिवणकाम करायची. सगळे तिला ताई म्हणायचे, वयाने मोठ्या असूनही बाईसुद्धा. ही बातमी ऐकून ताई ऑफिसात आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"वकीलबाई, आतली खोली मी रिकामी केली. भाडेकरूला सांगितलं, बाबा, माझा भाऊ येणार आहे."

"अहो ताई, अजून सुनावणी व्हायचीय! एवढी घाई कशाला?"

"घाई?" ताई म्हणाली. "बरं. घाई तर घाई."

 

सुनावणीच्या दिवशी बाईंनी जे काम केलं ते बघायला दालन गच्च भरलं होतं. तिघं न्यायमूर्ती. डावीकडचे बाईंच्या बाजूने होते हे त्यांच्या मान हलवण्यावरूनच कळत होतं. उजवीकडचे काही केल्या बधणार नव्हते, ते पहिल्यापासून छताकडे बघत होते. सगळा खेळ मधल्यांवर होता. मधले न्यायमूर्ती हुशार, सज्जन आणि धास्तावलेले. बाईंचं म्हणणं त्यांना पटत होतं, पण त्याची त्यांना भीती वाटत होती.

"बाई," शेवटी त्यांनी चष्मा काढला, "तुमचं म्हणणं मान्य केलं तर उद्या सगळे तुरुंग आमच्या दारात उभे राहतील. जुना प्रत्येक खटला उघडावा लागेल. ते कसं निस्तरायचं?"

 बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी असेच चेहरे वाचले होते. हा माणूस देणार आहे, फक्त त्याला दार हवंय, हे त्यांना लख्ख दिसलं. आणि त्यांनी दार उघडलं.

"तशी वेळ येणार नाही, महोदय. हा नियम आजपासून पुढच्या खटल्यांना लावला, जुन्यांना लावला नाही, तरी आमची हरकत नाही."

मधल्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. चेहरा असा सैल झाला, की मागे बसलेल्या वकिलांचाही जीव भांड्यात पडला. बाईंची वेळ संपली. त्या खाली बसल्या. त्यांना वाटलं, जिंकलो.

सरकारी वकील लठ्ठ, घामाघूम आणि मनाने वाईट नसलेला गृहस्थ. तो उभा राहिला, पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "आणि नियम केलाच, तर तो पुढच्यांसाठीच असावा हे बाईंनी स्वतःच मान्य केलंय, त्याची कृपया नोंद व्हावी." बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. न्यायाचा प्रश्न घेऊन जो दारात उभा आहे त्याला न्याय मिळतोच, हे काय सांगायला लागतं? कोर्टाची रीतच ती. विहीर खणणाऱ्यालाच पाणी नाही, असं कुठे असतं?

बाहेर पायऱ्या उतरताना सरकारी वकील धापा टाकत मागून आला.

"बाई, एक विचारू? राग नका मानू. ते 'पुढच्यांना लावा' म्हणालात, तेव्हा 'माझा अशील सोडून' असं का नाही म्हणालात?"

"ते वेगळं सांगायला कशाला हवं?"

"नको असेलही," तो म्हणाला आणि रुमालाने मान पुसत राहिला. "मी आपलं विचारलं."

 बाईंनी पायरीवर पाय ठेवला होता तो तसाच राहिला. तीन शब्द. माझा अशील सोडून. पोराटोरांनाही सुचतील असे तीन शब्द, आणि ते त्यांच्या तोंडातून निघाले नव्हते. त्या तशाच मागे फिरल्या, तिथेच बाकावर बसून खुलाशाचा अर्ज लिहिला आणि खिडकीवर नेऊन दिला. कारकुनाने तो वाचलादेखील नाही. अदबीने परत सरकवला. "सुनावणी संपली ना, बाई. आता काही घेता येत नाही. तुम्हाला मी काय सांगायचं!"

पुढचे महिने बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. जेवताना घास हातात राहायचा. यजमानांनी खूप समजूत घातली.

"अगं, तिघं एवढे शिकले सवरलेले लोक. ज्याच्यामुळे नियम झाला त्यालाच आत ठेवतील? एवढं का ते मूर्ख आहेत?"

"मूर्ख नाहीत हो. घाबरलेत. आणि घाबरलेल्या माणसाला मीच सांगून बसलेय की आमची हरकत नाही."

"तू उगीच साप साप म्हणून भुई धोपटतेस."

"तसं असलं तर तुमच्या तोंडात साखर पडो," बाई म्हणाल्या आणि ताट बाजूला सारून उठल्या. त्यांनी ताईला हे सांगितलं नाही. पेंटरलाही सांगितलं नाही. दोनदा सांगायला म्हणून तुरुंगात गेल्या आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आल्या. खुनी माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवणाऱ्या बाई, त्यांची जीभ उचलेना.

निकालाच्या दिवशी मधल्या न्यायमूर्तींनीच वाचन केलं. आणि काय सुंदर निकाल होता तो! बंद खोलीत एकट्या माणसाच्या तोंडून काढलेला शब्द हा त्याचा शब्दच नव्हे, असं त्यांनी म्हटलं. वकिलाशिवाय घेतलेला कबुलीजबाब यापुढे कुठल्याही कोर्टात चालणार नाही, असं म्हटलं. मागे कुणीतरी हुंदका दिला. तरुण वकील एकमेकांचे हात दाबत होते. बाईंच्या शेजारच्याने त्यांच्या कानात म्हटलं, "बाई, तुमच्या आयुष्याचं सोनं झालं." बाई ऐकत नव्हत्या. त्या शेवटच्या परिच्छेदाची वाट बघत होत्या.

तो आलाच. अपीलकर्त्याच्या विद्वान वकिलांनी स्वतःच उदार मनाने मान्य केल्याप्रमाणे, हा नियम आजपासून पुढच्या खटल्यांना लागू राहील. अपीलकर्त्याचा खटला जुना आहे. सबब त्याची शिक्षा कायम.

उदार मनाने! अहो, कुणाचं मन आणि कुणाच्या जिवावर उदार!

दालनाबाहेर लोक बाईंना गराडा घालून अभिनंदन करत होते. एकाने तर पुष्पगुच्छ आणला होता. शेवटचा परिच्छेद कुणाच्या कानात शिरला नव्हता, किंवा शिरला होता आणि एवढ्या मोठ्या विजयात तो बारीकसा वाटला होता. फक्त ताई भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळं नीट ऐकलं होतं.

"वकीलबाई, म्हणजे सगळे सुटणार आणि तोच नाही, असं ना? की मला समजलं नाही?"

"बरोबर समजलंय तुम्हाला."

ताईने मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत बाई तुरुंगात पोचल्या. भेटीची खोली लांबट, मधे जाळी, भिंतीला खालून कमरेपर्यंत हिरवा रंग. तो रंग पेंटरनेच दिला होता, तुरुंगाच्या कामात. तो आला तो हसतच. दाढी घोटून केली होती, केस ओले करून बसवले होते. आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत त्याने सुरुवात केली.

"बाई, रेडिओवर लागलं! पेंटर, पेंटर, तीनदा म्हणाले! बराकीतल्यांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं हो. मी म्हटलं, अरे उतरवा, पडेन, आता बाहेर जायच्या वेळी हातपाय मोडून घेऊ का? आणि ताईला एक सांगा. जुन्या पँटी मला व्हायच्या नाहीत. कमरेत दोन बोटं जास्त घेऊन शिव म्हणावं. बाई? काय झालं?"

बाईंनी सांगितलं. तोडून, सरळ, अशिलाला सांगावं तसं सांगितलं. नियम झालाय. तुला लागू नाही. फेरविचाराचा अर्ज मी करीन, पण तो त्याच तिघांपुढे जाईल आणि त्याचं काय होणार ते मला ठाऊक आहे. त्याचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं, आणि ते बघणं बाईंना असह्य झालं.

"पण असं कसं? माझाच खटला ना तो?"

"तुझाच."

"मग?"

"मी बोलून गेले. न्यायमूर्ती घाबरले होते. मी म्हटलं, जुन्यांना लावू नका, आमची हरकत नाही. तुला सोडून असं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. चूक माझी आहे. त्यांची नाही, तुझी नाही, माझी."



"पण असं म्हणालात कशाला मुळात?"

"सवय आहे मला. थोडं कमी मागते मी. म्हणजे मिळतं."

"कमी," तो म्हणाला. "कुणाचं कमी, बाई?"

  बाईंच्या डोळ्यांना धार लागली. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता.

"'आमची हरकत नाही' म्हणालात. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की माझी आहे." त्याचा आवाज चढला नाही. "आमच्या बराकीत तीन पोरं आहेत, खटला अजून उभा राहायचाय त्यांचा. त्यांनी मघाशी मला मिठ्या मारल्या. 'पेंटर, तुझ्यामुळे सुटणार आम्ही.' ते जातील, मग दुसरे येतील, तेही जातील. सगळी कोर्टं आता माझं नाव घेणार, हो ना? काढून टाका ते. माझं नाव काढून टाका त्यातून."

"ते नाही रे काढता येत."

"कधीच?"

"कधीच."

"बरं." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "मग दुसरे घेऊ देत. तुम्ही घेऊ नका. तुमच्या तोंडून नको."

"नाही घेणार," बाई म्हणाल्या. "शब्द देते."

शिपायाने वेळ झाल्याचं सांगण्याआधीच तो उठला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना अंथरुणातून उठवेना. यजमान म्हणाले, आज नको जाऊस, कुणालाही पाठव. पण एका मुलीला हजर करणार होते आणि तिचं वकीलपत्र बाईंचं होतं. निकाल लागल्यावर काही तासांतच पोलिसांनी तिला मोर्च्यातून उचललं होतं, खोलीत बसवून घेतलं होतं आणि बस जाळल्याच्या कबुलीवर सही घेतली होती. मुलगी कॉलेजातली, चष्म्याची एक काच तडकलेली, ओठ सुजलेला. मागच्या बाकावर तिचा बाप, बेकरीत काम करणारा, पिठाचे हात धुवायचेही राहून गेलेले. बाई गेल्या.

खालचं कोर्ट, लहानसं दालन, पुढ्यात कंटाळलेले दंडाधिकारी. सरकारी वकिलाने कबुलीजबाब वाचून दाखवला. बाई उभ्या राहिल्या आणि बाजूबाजूनेच बोलायला लागल्या. ओठ का सुजलाय ते विचारा, म्हणाल्या. डॉक्टरांचा दाखला कुठाय, म्हणाल्या. मुलगी शिकतेय, कुठे पळून जाणार, म्हणाल्या. दंडाधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"बाई, हे सगळं नंतरचं. सही तिची आहे की नाही?"

"आहे. पण त्या वेळी वकील नव्हता."

"मग कबुलीजबाब बाद करा असं तुमचं म्हणणं? कशाच्या आधारावर?"

बाई पुढ्यातले कागद चाळायला लागल्या. शेजारचा तरुण वकील त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघायला लागला. अहो, काल सगळ्या देशाने ऐकलेलं नाव, आणि ज्यांनी ते मिळवलं त्याच बाईंना आठवू नये? बाई घटनेबद्दल बोलल्या, माणसाच्या हक्काबद्दल बोलल्या, तेच तेच शब्द फिरवून फिरवून बोलल्या. दंडाधिकाऱ्यांनी मान हलवली, पेन उचललं आणि कोठडीचा कागद पुढे ओढला. पिंजऱ्यातली मुलगी बापाकडे बघत होती. बाप उठून उभा राहिला होता, काय करायचं ते न कळून.

"पेंटर," बाई म्हणाल्या.

"काय?"

"पेंटर खटला. कालचा निकाल. वकिलाशिवाय घेतलेला कबुलीजबाब चालत नाही."

दंडाधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "हां, मग असं बोला की! मग प्रश्नच मिटला." त्यांनी कबुलीजबाबावर रेघ ओढली. दुसरा पुरावा काही होता का? नव्हता. मुलीला सोडलं. एवढंसं काम, दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी खांबाला हात टेकला. पेंटरच्या बाबतीत पहिल्यांदा चुकून झालं होतं. आज समजून उमजून केलं, आणि उद्याही करावं लागणार होतं, परवाही, प्रत्येक पोरासाठी, आपण उभं राहतोय तोवर. त्यांना स्वतःची किळस आली. मुलीचा बाप एका हाताने तिचा दंड घट्ट धरून त्यांच्याकडे आला. त्याला बोलता येत नव्हतं, नुसतंच "बाई, बाई" चाललं होतं. मग त्याने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

"बाई, तो पेंटर म्हणालात ना, त्याचे आभार मानायचेत मला. सुटून घरी पोचला असेल ना तो आता? कुठे राहतो?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. आतून शिपायाने पुढच्या खटल्याचा पुकारा केला. तोही बाईंचाच होता.